सत्काराआधी सेवापुस्तक : शाळेतल्या मामा-मावशींच्या सेवानिवृत्तीचा अनुभव

३१ मे २०२५ रोजी आमच्या शाळेतून दोन चतुर्थश्रेणी कर्मचारी एकाच दिवशी सेवानिवृत्त झाले. एक प्रयोगशाळा परिचर, ज्यांना विद्यार्थ्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मामा म्हणतात, आणि दुसऱ्या सफाईचे काम पाहणाऱ्या मावशी. त्यांच्या निवृत्तीच्या कागदपत्रांचा पाठपुरावा आणि सत्कार समारंभ अशा दोन्ही जबाबदाऱ्या मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे सोपवल्या होत्या. मी मराठी शिकवते. पेन्शनच्या प्रस्तावाशी माझा त्यापूर्वी कधी संबंध आला नव्हता आणि माहितगारांना विचारावे तर प्रत्येक जण वेगळे सांगत होता. ज्या शाळेत असा प्रसंग येऊ घातला आहे तेथील एखाद्या शिक्षकाला किंवा लिपिकाला उपयोग व्हावा, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. मिशनने स्थापलेली, आज ख्रिस्ती संस्था चालवत असलेली, मराठी माध्यमाची पूर्ण अनुदानित माध्यमिक शाळा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. या भागातील मिशन शाळांना असा मोठा वारसा आहे आणि त्यांच्या स्मरणिकांत मिशनरींची, मुख्याध्यापकांची नावे सनावळीसह छापलेली असतात. शिपायांची यादी मात्र मी अजून एकाही स्मरणिकेत पाहिलेली नाही. आमच्या कार्यालयातील फलकावरही ती नाही.

काम २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. मामा आणि मावशी या दोघांचीही दप्तरी जन्मतारीख १ जून १९६५ आहे, यात योगायोग फारसा नाही. त्या पिढीत मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहून मोकळे होत. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे चतुर्थश्रेणी कर्मचारी वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होतात, तर इतर कर्मचारी ५८ व्या. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवा संपते. मात्र जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे गुरुजींनी लिहिलेल्या त्या तारखेने दोघांची निवृत्ती भर उन्हाळी सुट्टीत आणून ठेवली होती, जेव्हा शाळेत एकही मूल नसते. समारंभाची तारीख ठरवताना याचाच सर्वांत मोठा पेच पडला.

त्याआधी सेवापुस्तके, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नोकरीतील सगळ्या नोंदींची अधिकृत वही. मामा १९९१ मध्ये रुजू झाले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वीचे, आणि म्हणून १९८२ च्या निवृत्तीवेतन नियमांखाली जुन्या पेन्शनला पात्र. मावशींचे पती याच शाळेत रात्रपहारेकरी होते. त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये मावशींना अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळाली, त्यामुळे त्या अंशदायी योजनेत, म्हणजे कर्मचारी आणि शासन यांच्या वर्गणीतून निधी जमवणाऱ्या योजनेत, आणि पुढे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत) गेल्या. एकाच शाळेत एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्या दोघांचे मार्ग असे अगदी वेगळे होते, आणि हे सुरुवातीलाच स्पष्ट झाल्याने पुढचा गोंधळ टळला. आपल्याकडील कर्मचारी कोणत्या योजनेत आहे, हे नेमणुकीच्या तारखेवरून आणि शाळेला त्या वेळी किती टक्के अनुदान होते यावरून आधी ठरवून घ्यावे.

मामांचे सेवापुस्तक उघडले तेव्हा त्यात तीन दशकांची शाई होती, काही पानांवर पाणी सांडल्याचे डाग होते आणि कित्येक नोंदींखाली मुख्याध्यापकांची सहीच नव्हती. ज्यांनी सही करायची ते मुख्याध्यापक कधीच निवृत्त झालेले, एक तर हयातही नाहीत. आमचे लिपिक भाऊसाहेब शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी वर्षनिहाय तक्ता केला : नेमणूक आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता (त्या नेमणुकीला मिळालेली मंजुरी), दरवर्षीची वेतनवाढ, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती, १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीच्या लाभाची नोंद, रजेचा हिशेब. ज्या रकान्यासमोर आधार म्हणून कागद मिळाला नाही तो रकाना लाल. लाल रकान्यांतला सर्वांत गंभीर होता १९९१ च्या वैयक्तिक मान्यतेचा. शाळेतली प्रत वाळवीने खाल्ली होती. अखेर संस्थेच्या कार्यालयात, जुन्या पत्रव्यवहाराच्या बाडात, तिची कार्बन प्रत सापडली. सांगायचे ते एवढेच, की शाळेत कागद नसेल तर लगेच हताश होऊ नये. संस्थेचे कार्यालय आणि स्वतः कर्मचाऱ्याच्या घरातील ट्रंक ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. मामांनी १९९१ पासूनचे प्रत्येक पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते आणि ते आम्हाला विचारावेसे वाटेपर्यंत दोन महिने गेले होते.

वेतननिश्चितीची पडताळणी शिक्षण विभागाच्या लेखाधिकाऱ्यांकडून करून घ्यावी लागते. पडताळणीचा शिक्का नसलेले सेवापुस्तक पुढे जात नाही. त्यासाठी पुस्तके जमा करून वाट पाहण्यात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर गेले. या काळात कर्मचाऱ्याच्या मनात काय चालते ते जवळून पाहिले. मामा रोज सकाळी कपाट उघडताना सहज विचारल्यासारखे विचारत, “बाई, पुस्तक आलं का?” पुस्तक म्हणजे आपली उभी हयात आणि ती कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे, ही अस्वस्थता त्यांनी कधी शब्दांत मांडली नाही. मी एक छोटी वही केली आणि कोणता कागद कोणत्या तारखेला, कोणत्या आवक क्रमांकाने, कुठे दिला हे त्यात लिहून ती वही मामांच्याच हाती ठेवली. त्यानंतर त्यांचे विचारणे कमी झाले. प्रत्येक कागद देताना आपल्या प्रतीवर पोच घ्यावी, हे सगळेच सांगतात. ती पोच कर्मचाऱ्यालाही दाखवावी, एवढी भर मी घालीन.

डिसेंबरमध्ये, म्हणजे निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, प्रस्ताव तयार झाला. विहित नमुने, पती-पत्नींचे संयुक्त छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचे प्रमाणपत्र, ना देय प्रमाणपत्र, बँक खात्याचा तपशील. प्रस्ताव वेतन पथक (शाळांच्या पगाराची देयके पाहणारे कार्यालय), शिक्षणाधिकारी आणि तेथून मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे असा जातो. (विदर्भ-मराठवाड्यातील शाळांचे प्रस्ताव नागपूरला जातात.) छायाप्रती, फोटो, प्रतिज्ञापत्र, टपाल आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून मामांच्या प्रस्तावाला सुमारे अडीच हजार रुपये लागले. ते संस्थेने दिले. कुठेही वरचे पैसे द्यावे लागले नाहीत, हे मुद्दाम नमूद करते, कारण त्याची भीती आम्हाला पुष्कळांनी घातली होती.

जानेवारीत प्रस्ताव त्रुटीत निघाला. मामांच्या पत्नीचे नाव कुटुंबाच्या तपशिलात एक आणि आधार कार्डावर दुसरे होते. आमच्या समाजात हे वारंवार घडते. माहेरी एक नाव, बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरे, लग्नानंतर तिसरे, आणि शिधापत्रिकेवर लिहिणाऱ्याने ऐकले तसे चौथे. येथे चर्चची विवाह नोंदवही कामी आली. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, १९८९ च्या नोंदीचा सही-शिक्क्यानिशी उतारा दिला, ज्यात वधूचे पूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे होती. त्यासोबत एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले आणि शेवटी आधारवरील नावही दुरुस्त करून घेतले. कुटुंब निवृत्तीवेतन पुढे पत्नीलाच मिळायचे असते, त्यामुळे तिच्या नावातली चूक आज किरकोळ वाटली तरी ती नेमकी नको त्या दिवशी उभी राहते. निवृत्तीला दोन वर्षे असतानाच पती-पत्नींचे आधार, पॅन, बँक आणि सेवापुस्तक ही चार नावे शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

मावशींचे काम कागदांनी कमी आणि काळजीने जास्त होते. एनपीएसच्या खात्यात त्यांचा जुना, केव्हाच बंद झालेला मोबाइल क्रमांक होता आणि वारस म्हणून कोणाचेच नाव नव्हते. त्या दुरुस्त्या होईपर्यंत पुढचा अर्ज भरता येत नव्हता. नियमानुसार ६० व्या वर्षी जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वर्षासन (विमा कंपनीकडून नियमित ठरावीक रक्कम मिळण्याची सोय) घ्यावे लागते आणि उरलेली रक्कम एकरकमी मिळू शकते. वर्षासनाचे पर्याय वाचून दाखवायला मी आणि गणिताच्या सरांनी त्यांच्यासोबत एक दुपार काढली. मावशींचा प्रश्न एकच होता : “मामांना महिन्याला किती मिळणार, आन् मला किती?” आकडा सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. या प्रश्नाला शाळेच्या पातळीवर उत्तर नाही.

मामांपुढे वेगळा निर्णय होता. निवृत्तीवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून आज एकरकमी पैसे घेता येतात. तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. मामांवर सेवकांच्या पतपेढीचे कर्ज होते. शिक्षकखोलीत दोन तट पडले आणि प्रत्येक तटाने मामांना आपापले गणित ऐकवले. मी एवढेच सुचवले की घरी मुलगा-सून आणि मामी यांच्यासमोर दोन्ही आकडे मांडून ठरवावे. त्यांनी विक्रीचा पर्याय घेतला. निवृत्तीपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फेब्रुवारीत प्रस्ताव पुन्हा दाखल झाला, मार्चमध्ये मुंबईला गेला, आणि मग आमचे लक्ष समारंभाकडे वळले.

तारखेचा पेच असा सुटला. वार्षिक परीक्षा २०२५ मध्ये २५ एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या आणि निकाल १ मे रोजी होते. महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनाला व निकालाला मुले आणि पालक येणारच होते. तोच दिवस धरला. त्या दिवशी कामगार दिनही असतो, ही गोष्ट बैठकीत कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ती आम्हाला मामांच्या मुलाने सांगितली. एप्रिलचा तिसरा आठवडा दुःखसप्ताहात (येशूच्या दुःखसहनाच्या स्मरणाच्या आठवड्यात) गेला, २० तारखेला पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, होता, त्यामुळे तयारीला उरले जेमतेम दहा दिवस.

बैठकीत सर्वांत जास्त चर्चा नारळावर झाली. शाल-श्रीफळ द्यावे की केवळ शाल? आमच्यातील काही कुटुंबांना नारळ पूजेचा भाग वाटतो, मावशी हिंदू आहेत, आणि मामा ख्रिस्ती असले तरी गावकीत वाढलेले. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. शेवटी मीच उठून मामांना विचारून आले. ते म्हणाले, “द्या की नारळ. चटणीला होईल.” प्रश्न मिटला. औक्षण ठेवायचे नाही, हे मात्र मी आग्रहाने धरले. मावशी विधवा आहेत. कुंकवाचे ताट आले की अशा बाईला कुठे उभे राहावे हे कळेनासे होते, आणि स्वतःच्या सत्काराच्या दिवशी तरी तिच्यावर ती वेळ येऊ नये. दोघांनाही एकाच प्रकारचा हार, एकाच किमतीची शाल. मामांना पूर्ण पोशाख आणि मावशींना साडी. जेवणाचा वाद वाराने सोडवला : १ मे गुरुवारी आल्याने निम्म्या लोकांना सामिष चालणार नव्हते, म्हणून पुरी-भाजी, मसालेभात आणि जिलेबी.

एकूण खर्च सुमारे एकवीस हजार झाला. त्यात दोघांच्या मानपत्रांची छपाई व चौकट अठराशे, शाली-हार-पोशाख-साडी साडेसहा हजार आणि बाकीचे बहुतेक जेवण. शिक्षकांनी ऐच्छिक वर्गणी काढली, काही माजी विद्यार्थ्यांनी भर घातली. मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरवले होते. रोख भेटीची पाकिटे व्यासपीठावर देण्याऐवजी माजी विद्यार्थ्यांची रक्कम सरळ दोघांच्या बँक खात्यांत समान वाटून जमा केली, कारण व्यासपीठावर पाकिटाची जाडी सगळ्यांना दिसते.

मानपत्र लिहिणे माझ्याकडे होते. कर्तव्यदक्ष, मितभाषी, मनमिळाऊ अशी विशेषणांची ओळ कोणालाही चिकटवता येते. ती टाळून मी दोघांबरोबर काम केलेल्यांना विचारत गेले आणि घडलेल्या गोष्टीच लिहिल्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पोषण आहाराचे तांदूळ-डाळ न्यायला ज्या घरचे कोणी येऊ शकत नव्हते, त्यांच्या वस्तीवर मामा सायकलवरून ते पोहोचवत होते. आम्लाच्या बाटल्यांची लेबले पुसट झाली की दर जूनमध्ये ते ती स्वतःच्या अक्षरात नव्याने लावत. शाळेत असताना पहिल्यांदा पाळी आलेली मुलगी वर्गशिक्षिकेकडे जात नाही, मावशींकडे जाते. मावशी कपाटात जादा परकर आणि पॅड ठेवत आणि त्याचे पैसे कित्येक वर्षे कोणी विचारलेसुद्धा नव्हते. हे शेवटचे वाक्य मानपत्रात असावे का, यावर एका सरांनी हरकत घेतली. मुख्याध्यापिका बाईंनी ते ठेवले.

कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला. आरंभी लहानशी प्रार्थना होती. अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून उपासनेत सहभागी करून घेता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८(३) मध्ये आहे आणि आमच्याकडे ते पाळले जाते. ज्यांना नको होते ते बाहेर पाहुण्यांना पाणी देत थांबले. अशा प्रसंगी बायबलमधील विश्वासू दासाचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वाचण्याची प्रथा आहे. पाळकसाहेबांनी तो न घेता रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घेतला. तो बहुतांशी नावांचाच आहे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल फिबीची शिफारस करतो आणि एकेका सहकाऱ्याला नावाने सलाम पाठवतो. प्रिस्का, मरिया, आणि ज्याच्या हाताने ते पत्र लिहिले गेले तो तर्तियस मध्येच स्वतःचे नाव घालून सलाम सांगतो. एरवी उपासनेत हा अध्याय वाचायला कोणी फारसे उत्सुक नसते. त्यानंतर संस्थेच्या अध्यक्षांनी १९५० पासून हजेरीपटांत सापडलेल्या सर्व शिक्षकेतर सेवकांची नावे वाचली. ती यादी भाऊसाहेबांनी सेवापुस्तके शोधताना बाजूला काढून ठेवली होती. मावशींच्या पतीचे नाव त्यात आले तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

भाषणे चारच ठेवली, प्रत्येकी पाच मिनिटांची. मामांनी आधीच सांगितले होते की त्यांना माईकसमोर उभे करू नये, म्हणून दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी त्यांना आणि मावशींना बसल्या जागी प्रश्न विचारले. ही युक्ती फार उपयोगी पडली. “प्रयोगशाळेतला सर्वांत व्रात्य विद्यार्थी कोण?” या प्रश्नावर मामांनी शिक्षकांच्या रांगेकडे बोट दाखवले, आमचे विज्ञानाचे सर याच शाळेत शिकलेले आहेत. ज्यांना बोलायची सवय नाही त्यांना मनोगत व्यक्त करायला लावू नये. प्रश्न आधी दाखवावेत आणि माईक हातात न देता समोर धरावा.

समारंभ झाला तरी नोकरी महिनाभर बाकी होती. शिक्षकांना सुट्टी लागली, शिक्षकेतरांना ती नसते. २ मे रोजी दोघेही नेहमीच्या वेळेला कामावर होते. हा महिना आम्ही सोपवासोपवीसाठी वापरला. किल्ल्यांची यादी, जडवस्तू नोंदवहीप्रमाणे (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे) प्रयोगशाळेतील साहित्याची मोजणी, आणि मामांच्या डोक्यातील माहिती : पाण्याच्या टाकीचा कोणता कॉक उलटा फिरतो, पावसाळ्यात कोणत्या वर्गाचे कौल गळते, विजेची कोणती कळ दाबू नये. ते सांगत गेले, भाऊसाहेब लिहीत गेले. ती वही आता मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे.

या वहीची गरज का पडली, तेही सांगायला हवे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होताच व्यपगत होतात, म्हणजे रद्द होतात, आणि त्यांच्या जागी शाळेला शिपायाच्या कामासाठी शिपाई भत्ता मिळतो. ग्रामीण भागात तो महिना ५,००० रुपये आहे. म्हणजे मामा आणि मावशी निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांची पदेही संपली. पाच हजारांत जो येईल तो पस्तीस वर्षे राहणार नाही, आणि राहिला तरी त्याला सेवापुस्तक नसेल, पेन्शनचा प्रस्ताव नसेल. व्यासपीठावर एका वक्त्याने “मामांची जागा कोणी भरून काढू शकणार नाही” असे म्हटले, तेव्हा शिक्षकेतर सेवकांच्या रांगेत हलकेच हसू उमटले. माझ्या मते हा निर्णय शाळांच्या मुळावर येणारा आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचे निवृत्तीवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरण (निवृत्तीवेतनाच्या भागाची ती विक्री) यांचे आदेश मंजूर होऊन आले. अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि ओळखीची कागदपत्रे घेऊन कोषागारात जावे लागले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पहिली रक्कम खात्यात आली. जून आणि जुलैत घरखर्चाला भविष्य निर्वाह निधीची रक्कम उपयोगी पडली. तिचा अर्ज वेळेत केला होता म्हणून ती मिळाली. मावशींचे एनपीएसचे पैसे सप्टेंबरमध्ये आले. दोघांच्या शिल्लक अर्जित रजेच्या रोखीकरणाचे देयक हे लिहीत असताना अजून तरतुदीची वाट पाहत आहे. दरम्यान “पेन्शन चालू करण्यासाठी ओटीपी सांगा” असा फोन मामांना येऊन गेला. त्यांनी तो मुलाकडे दिला आणि मुलाने बंद केला. घरच्यांना ही कल्पना आधीच देऊन ठेवावी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा आहे, त्याची आठवण भाऊसाहेबांनी कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

शाळेचे शेवटचे मंजूर शिपाई २०२७ मध्ये निवृत्त होतील. त्यांचे सेवापुस्तक आम्ही या दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढणार आहोत.